कोटींचा आकडा आणि वाळूवरची माणसं

२९ जानेवारी २०२५. मौनी अमावस्या. मध्यरात्रीनंतर एक ते दोनच्या दरम्यान प्रयागराजच्या महाकुंभात संगमाजवळ अडथळे तोडून लोंढा पुढे घुसला आणि ब्रह्ममुहूर्ताची वाट पाहत जमिनीवर पडलेल्या माणसांच्या अंगावरून गेला. ही माझी कल्पना नाही. तिथल्या पोलीस अधिकाऱ्यांनीच त्या दिवशी संध्याकाळी पत्रकारांना हे सांगितलं. ३० मृत, ६० जखमी. हा आकडा जाहीर व्हायला पंधरा तासांहून जास्त वेळ लागला.

त्या निवेदनातली एक गोष्ट कुणी धरून ठेवली नाही. ती मी धरणार आहे. माणसं जमिनीवर पडलेली होती. जानेवारीच्या रात्री, गंगाकाठच्या गारठ्यात, ओल्या वाळूवर, शेकडो किलोमीटरवरून आलेली म्हातारीकोतारी माणसं उघड्यावर झोपली होती. लोंढा कुठून आला, अडथळा कुणी तोडला, अफवा कुणी पसरवली, यावर आयोग बसतात. ती माणसं तिथे का झोपली होती, हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना झोपायला दुसरी जागा मिळाली नव्हती.

मी वारंगा फाट्याचा. कळमनुरी तालुक्यातलं हे गाव ज्यांना माहीत नाही त्यांनी इथली खिचडी तरी खाल्लेली असते. नांदेड-हिंगोली रस्ता आणि तुळजापूर-नागपूर महामार्ग इथे एकत्र येतात. लातूर-नांदेडकडून निघालेली गाडी आमच्या दारावरून हदगाव, उमरखेड, यवतमाळ करत नागपूरला आणि तिथून जबलपूर, रीवामार्गे प्रयागराजला जाते. त्या हिवाळ्यात रात्रीबेरात्री क्रुझर, टेम्पो ट्रॅव्हलर, ट्रॅव्हल्स फाट्यावर थांबत होत्या. गाडीच्या पुढच्या काचेवर भगवं फडकं, बाजूला फ्लेक्स, फ्लेक्सवर हात जोडलेला पुढारी. आत बायका एकमेकींना टेकून झोपलेल्या. तुरीची रास घरात आलेली, हरभरा अजून उभा, हळद काढायला अवकाश. म्हणजे कष्टकरी माणसाला वर्षात जे चार मोकळे दिवस मिळतात ते त्यांनी यासाठी ठेवले होते. पैसे बचत गटातून उचललेले, नाहीतर लेकाने पुण्याहून पाठवलेले. हे लोक हौशे-गवशे नव्हेत. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे आणि मी स्वतः संक्रांतीच्या सुमाराला त्याच रस्त्याने जाऊन आलो आहे.

म्हणूनच सांगतो, ती थंडी आपल्याकडची थंडी नाही. परभणीचा पारा पाचाच्या खाली उतरल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो, पण आपल्याला त्या वेळी घर असतं, वाकळ असते, दारात शेकोटी असते. तिथे धुई इतकी दाट पडते की पुढच्या माणसाची पाठ धरून चालावं लागतं. दोन नद्यांवरून येणारं वारं कानटोपीतून आत शिरतं. पाय वाळूत रुततात आणि वाळू ओली असते. काठाकडे पसरलेला पेंढा हजारो पावलांनी चिखल होऊन गेलेला असतो. आमच्या गाडीतली एक मावशी, सत्तरीच्या पुढची, डुबकी मारून वर आली तेव्हा तिच्या हाताची बोटं वळत नव्हती. लुगड्याची गाठ सुटेना. आम्ही चौघांनी चादर धरून आडोसा केला, तिच्या सुनेने दातांनी गाठ सोडली. मागून माणसं रेटत होती. ओल्या अंगाने उभं राहून कपडे बदलायला माणसाला दोन-चार मिनिटं आणि दोन हात जागा लागते. तेवढीही जागा काठावर नव्हती.

अंग ओलं असेल तर शरीराची ऊब कोरड्या अंगाच्या कितीतरी पट वेगाने निघून जाते. ओल्या जमिनीवर बसलं की ती खालून ओढली जाते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. म्हातारपणी हुडहुडी भरण्याची ताकदसुद्धा कमी होते, म्हणजे शरीर स्वतःला तापवू शकत नाही. त्यात उपवास. त्यात रक्तदाबाची गोळी गाडीत राहिलेल्या पिशवीत आणि गाडी कुठल्यातरी वाहनतळावर, कित्येक किलोमीटर मागे. थंडीत लघवी जास्त लागते हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पुरुष कुठेही उभे राहतात. बायकांनी काय करायचं? सरकारी आकड्यांत दीड लाख शौचालयं होती आणि ती असतीलही. पण गर्दीत अडकलेल्या बाईपासून ती किती पावलांवर होती, मधल्या माणसांच्या भिंतीतून ती तिथवर पोचणार कशी, याचा आकडा कुठल्याही जाहिरातीत नव्हता. आमच्या गाडीतल्या बायकांनी आदल्या दुपारपासून पाणी तोडलं होतं. घरून निघतानाच एकमेकींना सांगून ठेवलं होतं, पाणी पिऊ नका बायांनो. हजारो बायका हेच करत असणार. थंडीत, चालून चालून थकलेल्या, पाण्यावाचून, उपाशी. अशा अवस्थेतली बाई धक्का लागल्यावर सावरत नाही. ती कोसळते आणि पुन्हा उठत नाही.

आता त्या झोपलेल्या माणसांकडे या. थंडीत माणूस कसा झोपतो? तोंडावरून पांघरूण ओढून, गुडघे पोटाशी घेऊन, एकमेकांना चिकटून. एका चादरीखाली तिघं-चौघं. कान झाकलेले. अंधारात, धुक्यात, दुरून येणाऱ्या माणसाला ती माणसं दिसत नाहीत, गाठोडी दिसतात. त्यांना ओरडलेलं ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी आखडलेल्या अंगाने उठायला वेळ लागतो. दुर्घटनेपूर्वीची एक चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. त्यात विभागीय आयुक्त भोंग्यावरून सांगत होते की पडून राहू नका, उठा, स्नान करून घ्या, चेंगराचेंगरी होऊ शकते. म्हणजे धोका कळला होता. तिथे माणसं झोपली आहेत हे दिसत होतं आणि गर्दी येते आहे हेही दिसत होतं. आणि उपाय काय केला, तर झोपलेल्यांना उठायला सांगितलं. जी म्हातारी मैलोनमैल चालून येऊन पडली आहे तिने उठून कुठे जायचं होतं? त्या भोंग्याने जागा दाखवली नाही. वाट दाखवली नाही. आपल्या डोक्यावरची जबाबदारी तेवढी उतरवून तिच्या डोक्यावर ठेवली.

साधनं नव्हती असं कुणी म्हणू नये. ४,००० हेक्टरचं मेळाक्षेत्र होतं, २५ सेक्टर होते, ३० तरंगते पूल होते, अडीच हजारांवर कॅमेरे होते, त्यांतल्या काहींना गर्दी मोजण्याची कृत्रिम अक्कल दिलेली होती. ४५ कोटी लोक येणार हे सरकार स्वतः महिनोनमहिने छाती फुगवून सांगत होतं. शेवटी ६६ कोटींचा दावा झाला. ज्याने आमंत्रण दिलं, ज्याने देशभर जाहिराती केल्या, ज्याने आकड्याचा अभिमान मिरवला, त्याला नंतर गर्दी अनपेक्षित होती असं म्हणण्याचा अधिकार उरत नाही. कोटी मोजता येतात, तर त्या कोटींना रात्री आडवं व्हायला किती जागा लागेल हेही मोजता येतं. ते मोजलं नाही, कारण जाहिरातीत छापायला त्याचा उपयोग नव्हता.

आणि त्याच संगमावर २२ जानेवारीला उत्तर प्रदेशचं मंत्रिमंडळ बैठक घेऊन स्नान करून गेलं. २७ जानेवारीला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा येऊन गेले. त्यांच्या गाड्या जवळपर्यंत गेल्या. त्यांच्यासाठी घाट मोकळा होता, पाण्यात आधार द्यायला माणसं होती, वर आल्यावर कोरडी वस्त्रं होती. ज्या बाईने बचत गटाचं कर्ज काढलं तिला यातलं काहीही मिळालं नाही. नदी तीच, पर्वकाळ तोच, मग थंडी फक्त एकीच्या हाडांत का शिरावी?

दुर्घटनेनंतर काय झालं ते बघा. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे पास रद्द. मेळाक्षेत्रात वाहनांना बंदी. रस्ते एकेरी. हे सगळं एका दिवसात झालं. मी विचारतो, जे २९ तारखेला प्रेतं उचलल्यावर करता आलं ते २८ तारखेला का करता येत नव्हतं? कुठला कायदा आडवा येत होता? कुठलाही नाही. पास काढून घेतले असते तर चार बडी माणसं नाराज झाली असती, एवढाच अडसर होता. त्या नाराजीची किंमत माणसांच्या जिवाहून जास्त ठरवली गेली. शिवाय २९ तारखेलाच हेलिकॉप्टरमधून भाविकांवर फुलंही उधळली गेली. शवागाराबाहेर नातेवाईक उभे असताना ज्याला फुलं उधळायचं सुचतं त्याच्याशी मला श्रद्धेवर चर्चा करायची नाही.

मृतांची गणती तर आजही मनाला पटत नाही. जून २०२५ मध्ये बीबीसीने स्वतंत्र तपास करून किमान ८२ मृत्यू झाल्याचं सांगितलं. त्याच महिन्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने नुकसानभरपाईला लागणाऱ्या विलंबावरून राज्य सरकारला खडसावलं. मृतांच्या कुटुंबांना २५ लाख जाहीर केले होते ना? मग नातेवाइकांना कोर्टात का जावं लागतं? आणि बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री म्हणाले की मेलेल्यांना मोक्ष मिळाला. या वाक्याची मला भयंकर चीड येते. गुदमरून, बरगड्या मोडून, पोटच्या लेकीचा हात सुटताना पाहत जो जीव जातो त्याला मोक्ष म्हणणाऱ्याने आधी त्या लेकीसमोर उभं राहून हे बोलून दाखवावं. ज्याचा माणूस गेला त्याला दुःख करण्याचा हक्क आहे, संतापण्याचा हक्क आहे. मोक्षाचं नाव घेऊन तो हक्क काढून घेणं हा दुसरा आघात आहे.

मग येतो ठेवणीतला युक्तिवाद. आपल्या लोकांना शिस्तच नाही. शहरातली, वातानुकूलित खोलीत बसलेली माणसं हे फार सहज बोलतात. त्यांना मी पंढरीची वाट दाखवतो. हिंगोली-नांदेडची हीच माणसं, याच म्हाताऱ्या, आषाढात लाखोंच्या संख्येने चालतात. तिथे प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथापुढे की रथामागे हे ठरलेलं असतं, चोपदाराने हात वर केला की हजारोंचा समुदाय गप्प होतो. सामानाचा ट्रक पुढे गेलेला असतो. माणसं मुक्कामी पोचेपर्यंत राहुट्या उभ्या असतात, चूल पेटलेली असते, कुणी कुठे झोपायचं हे वीणेकऱ्यापासून स्वयंपाकिणीपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे शिस्त माणसांत आहेच. तिला लागतो मुक्कामाचा ठाव, ओळखीचा गट आणि सांगणारं एक माणूस. हे तिन्ही काढून घ्या, त्यांना रात्रीच्या अंधारात अनोळखी वाळूवर सोडा, मागून आणखी दहा लाख सोडा, आणि मग शिस्त नाही म्हणून बोटं मोडा. हा निव्वळ नालायकपणा आहे.

उत्तर प्रदेशवर खापर फोडून आपण मोकळे होणार असू तर तेही मी चालू देणार नाही. २५ जानेवारी २००५. पौष पौर्णिमा, शाकंभरी पौर्णिमा. योगायोग असा की २०२५ चा महाकुंभ याच तिथीला सुरू झाला. वाईजवळच्या मांढरदेव गडावर काळूबाईच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसं घसरली, एकमेकांवर पडली, मग दुकानं पेटली, सिलिंडर फुटले, आणि जवळजवळ ३०० जीव गेले. न्यायमूर्ती कोचर आयोग बसला. त्याच्या दीड वर्ष आधी, २७ ऑगस्ट २००३ ला, नाशिकच्या सिंहस्थात पंचवटीच्या अरुंद गल्लीत तीसहून अधिक माणसं चिरडली गेली. तिथेही आयोग बसला. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्रभूषण सोहळा झाला. उघड्या मैदानावर लाखोंची गर्दी, मंचावर मात्र सावली. उष्माघाताने १४ जण गेले. त्यातल्या बहुतेकांच्या पोटात कित्येक तास अन्न नव्हतं, हे शवविच्छेदनातून बाहेर आलं. एका ठिकाणी ऊन होतं, एका ठिकाणी थंडी. मंच आणि मैदान यांतला फरक सगळीकडे सारखा होता.

प्रयागराजची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. ३ फेब्रुवारी १९५४, स्वातंत्र्यानंतरचा पहिला कुंभ, तीच मौनी अमावस्या. तेव्हाही शेकडो माणसं चेंगरून मेली, तेव्हाही चौकशी समिती नेमली गेली, तेव्हाही बड्या लोकांच्या येण्याजाण्यावर बोट ठेवलं गेलं. सत्तर वर्षांत एका देशाने अणुबॉम्ब केला, चंद्रावर यान उतरवलं, आणि त्याच घाटावर त्याच तिथीला त्याच रीतीने माणसं मारली. ज्यांना हा अपघात वाटतो त्यांनी अपघात या गोष्टीचा पुन्हा विचार करावा.

आता पाळी आपली आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ दारात आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरं, सप्टेंबरात तिसरं. महाराष्ट्र सरकारने त्यासाठी प्राधिकरण नेमलं आहे. रस्ते होतील, पूल होतील, ठेके निघतील, त्याबद्दल मला शंका नाही. ते पावसाळ्याचे दिवस आहेत म्हणून थंडीचा प्रश्न येत नाही असं कुणी समजत असेल तर त्याने श्रावणातल्या रात्री त्र्यंबकला भिजल्या अंगाने एकदा उभं राहून पाहावं. ब्रह्मगिरीवरून येणारं वारं आणि न थांबणारी झड यांनी तरणाताठा माणूस काकडतो. आणि कुशावर्त म्हणजे गंगेचा पसरलेला काठ नव्हे. दगडी पायऱ्यांचं छोटं कुंड आहे ते, भोवती गावाच्या बोळी. तिथे म्हाताऱ्या माणसांना रात्रभर पावसात रांगेत उभं ठेवलं तर धक्काबुक्की व्हायचीही गरज नाही.

म्हणून प्राधिकरणाने पहिला खर्च घाटावर करू नये, घाटापासून लांब करावा. माणूस आधी मुक्कामाला पोचला पाहिजे आणि मग घाटावर गेला पाहिजे. मराठवाड्यातून येणाऱ्या गाड्या जालना, संभाजीनगर, वैजापूर, येवला अशा टप्प्यांवर थांबवा. तिथल्या शाळा, मंगल कार्यालयं, बाजार समित्यांची शेड ताब्यात घ्या. तिथे कोरडी जमीन, पांघरूण, गरम अन्न आणि बायकांसाठी दार लागणारी शौचालयं द्या. गावागावाचा गट करा, गटाला वेळ द्या, वेळ झाली की सोडा. कुंडाची जेवढी ताकद तेवढीच माणसं आत, बाकीची छपराखाली. मंत्र्याला, उद्योगपतीला, नटनट्यांना पर्वकाळात घाटावर पाऊल ठेवू देऊ नका, हे आधीच जाहीर करा, प्रेतं पडल्यावर नको. दुर्घटना झालीच तर मृतांची नावं तासाभरात फलकावर लावा. लपवलेल्या प्रत्येक नावासाठी एक अधिकारी घरी बसला पाहिजे.

आणि आमच्या भागातल्या पुढाऱ्यांना वेगळं सांगतो. तुम्ही फुकट गाड्या सोडता, त्यावर तुमचा फोटो लावता, नारळ फोडून झेंडा दाखवता. गाडी सुटली की तुमचं काम संपतं. मावशी कुठे उतरणार, रात्री कुठे पडणार, तिची गोळी कुणाच्या पिशवीत आहे, ती हरवली तर कुणाला फोन करायचा, यातलं काही तुम्हाला ठाऊक नसतं. मतासाठी माणसं मोजायची ही तुमची सवय आणि कोटी मोजायची त्यांची सवय एकाच घराण्यातली आहे. २०२७ च्या श्रावणात फाट्यावर तुमच्या गाड्या लागतील तेव्हा प्रत्येक गाडीमागे मला एक कागद हवा आहे. आत बसलेल्या प्रत्येकाचं नाव, मुक्कामाची जागा, तिथे त्यांची वाट पाहणाऱ्या माणसाचा नंबर आणि खाली तुमची सही. खिचडी खाऊन होईपर्यंत तो कागद मिळाला नाही तर ती गाडी वारंगा फाट्यावरून पुढे सरकणार नाही, मी स्वतः तिच्यापुढे उभा राहीन.